बर्बन: आज भरलेला माल सहा वर्षांनी विकायचा धंदा

व्हिडिओत हे घाईत सांगितलं, म्हणून इथे नीट लिहितो. माझ्या दुकानातला माल महिनाभर हलला नाही तर मला झोप लागत नाही. बर्बनवाल्यांचं काय होत असेल बघा.

बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली व्हिस्की. कायदा कडक: धान्यात किमान 51 टक्के मका, आणि मुरवायला ओक लाकडाचं कोरं, आतून जाळलेलं पिंप. तेच पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. जुनी पिंपं स्कॉचवाले विकत घेतात. शिवाय मुरताना दरवर्षी थोडा माल हवेत उडतो तो वेगळाच.

मग ब्रँडमध्ये फरक कशाने? बराचसा उरलेल्या धान्याने. वाइल्ड टर्कीत राय असते, म्हणून ती झणझणीत. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू, म्हणून मऊ, गोडसर.

आता मेन मुद्दा. 2013 मध्ये मेकर्स मार्कचा माल कमी पडायला लागला. मागणी वाढली, पण हातात पिंपं तेवढीच, जेवढी साधारण सहा वर्षांपूर्वी भरली होती. कंपनीने जाहीर केलं, अल्कोहोल 45 वरून 42 टक्के करणार. म्हणजे सरळ भाषेत, पाणी जास्त! जुनं गिऱ्हाईक भडकलं. साधारण आठवडाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. टंचाई राहिली तरी चालेल, माल तोच द्यायचा असं ठरलं. पुढे कारखाना वाढवला, पण तो वाढीव माल बाटलीत यायला पुन्हा तेवढीच वर्षं.