पुढच्या दातातील कीड आणि तिचे भरण

दाढेतील कीड दुखू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या दातावरचा काळा ठिपका मात्र पेढीवर समोर बसलेल्या ग्राहकालाही दिसतो. त्यामुळे या दातांसाठी मनुष्य दवाखान्यात लवकर जातो आणि तेथे सुचवलेल्या उपायास घाईने होकारही देतो. वास्तविक भरणाचा रंग पाहण्याआधी कीड दाताच्या कोणत्या भागात आहे आणि किती खोल गेली आहे, हे एक्स-रे समोर ठेवून दंतवैद्यांकडून समजून घेतले पाहिजे. निवड त्यावरच ठरते.

दोन दातांच्या फटीत कीड असेल किंवा दाताचा कोपरा तुटला असेल, तर बहुधा काँपोझिट वापरतात. कृत्रिम राळ आणि काचेची अतिसूक्ष्म पूड यांचे हे दाताच्या रंगाचे मिश्रण असते. सौम्य आम्ल लावून दाताचे कवच किंचित खरखरीत केल्यास त्यावर राळ घट्ट चिकटते, हे अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. राफेल बोवेन यांना काँपोझिटच्या राळेचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले. या शोधांचा लाभ मोठा आहे. पूर्वी भरण अडकून राहावे म्हणून दाताचा निरोगी भागही कोरावा लागे. आता बहुतांशी किडलेला भाग काढला की पुरते. भरण पातळ थरांनी करतात व प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक होतो. रंगाची छटा मात्र दात कोरडा होण्यापूर्वी निवडावी, कारण कोरडा दात अधिक पांढरा दिसतो.

हिरडीलगत खाच पडली असेल, तेथे ओलावा टिकत असेल, तर ग्लास आयनोमर सिमेंट उपयोगी पडते. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराईड सोडत राहते. काँपोझिटची चकाकी व मजबुती त्यास नाही. म्हणून चावण्याच्या कडेस ते वापरू नये.

चांदीच्या भरणात जवळजवळ निम्मा पारा असतो. पुढच्या दातांत ते रंगामुळे कोणी घालत नाही, आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, त्याचा वापरच थांबवला. सोन्याचा वर्ख ठोकून भरण्याचीही पद्धत एके काळी होती. टिकाऊ खरी, पण हसताना सोने दाखवण्याची हौस आता उरलेली नाही!

लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या घरी लहानशा किडीसाठी थेट कॅप सुचवली जाते, तेव्हा आईवडिलांनी थोडे थांबावे. कॅपसाठी दात सर्व बाजूंनी घासावा लागतो आणि घासलेले कवच पुन्हा येत नाही. भरण झिजले, डागाळले तर काढून नवे करता येते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भरणात व्याज जाते, कॅपमध्ये मुद्दलाला हात लागतो. दाताचा मोठा भाग तुटला असेल किंवा कीड मज्जेपर्यंत जाऊन रूट कॅनाल झाले असेल, तर कॅप योग्य ठरू शकते; अन्यथा दुसऱ्या दंतवैद्यांचे मतही घ्यावे. दात उजळवून घ्यायचे असल्यास ते आधी करावे आणि सुमारे दोन आठवड्यांनी भरण करावे. भरणाचा रंग नंतर उजळत नाही.

काँपोझिट साधारणपणे पाच ते दहा वर्षे टिकते. गादीवर दिवसभर चहा येत असेल, तर डाग लवकर पडतात. चौविहार करणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी दात घासून चूळ भरावी; रात्री लाळ कमी सुटते आणि फटीत राहिलेला गोड कण पहाटेपर्यंत तेथेच राहतो.

भरणाची वेळ ठरवताना आपल्या व्रतांचाही विचार करावा. काँपोझिटनंतर बधिरपणा उतरला की त्याच दिवशी जेवता येते. ग्लास आयनोमरनंतर मात्र एक दिवस त्या दाताने कठीण पदार्थ चावू नये. एकासणे करणाऱ्यांनी भोजन आटोपून दुपारची वेळ घ्यावी. पर्युषण अथवा दशलक्षण पर्वात दीर्घ उपवास करण्याचा विचार असेल, तर महिनाभर आधी दात तपासून घ्यावेत, म्हणजे एखाद्या भरणास दुसरी खेप लागली तरी ते पर्वापूर्वी पूर्ण होते.