तोडण्याआधीची यादी

३१ डिसेंबर २००५ रोजी ‘क्लेमाँसो’ ही फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका तोडणीसाठी गुजरातेतल्या अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यात ॲस्बेस्टॉस नेमका किती, हे कोणालाच धड सांगता येत नव्हते. जो तो वेगळा आकडा देत होता. प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दीड महिन्यात फ्रान्सने नौका माघारी बोलावली.

असा घोळ टाळायचा, तर घातक पदार्थांची यादी जहाजासोबतच हवी. जहाजवाले तिला ‘आयएचएम’ म्हणतात. जहाजतोडणीविषयीच्या २००९च्या हाँगकाँग कराराने ती बंधनकारक ठरवली. करार अमलात यायला मात्र २६ जून २०२५ उजाडले. बांधणीतले आणि यंत्रांमधले पदार्थ पहिल्या भागात येतात. तो जहाजाच्या हयातभर अद्ययावत ठेवायचा. टाक्यांतला गाळ आणि कोठारातला माल यांचे दोन भाग जहाज तोडायला पाठवताना भरायचे.

जुन्या जहाजाची यादी नुसत्या कागदांवरून होत नाही. तज्ज्ञ नकाशे पाहून तपासणीची आखणी करतो आणि मग इंजिनरूममध्ये उतरतो. एक्झॉस्ट पाइपावरचे जाड लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, घ्या. मास्क चढवून आधी त्यावर पाणी फवारायचे, कारण कोरडे तंतू हवेत उडाले की थेट फुप्फुसात जातात. नमुना वरवर खरवडून भागत नाही; आतल्या थरापर्यंत जावे लागते. चिमूटभर तुकडा दोन पिशव्यांत बंद करायचा, जागा लिहायची, भोक बुजवायचे. प्रयोगशाळेत वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस निघाला की नोंद झालीच. केबलच्या आवरणातले पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल), रंगातले शिसे, स्विचमधला पारा यांचाही असाच माग काढायचा.

हात पोचतच नाही, तिथे ‘असण्याची शक्यता’ अशी नोंद करता येते. मला ती सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते. तोडणारा तो भाग घातक धरूनच हाताळतो. कोऱ्या रकान्यावर विसंबला, तर जिवाशी गाठ. जहाज नवे आहे म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. २०११पासून जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवायला पूर्ण बंदी आहे, तरी दुरुस्तीत घातलेल्या एखाद्या गॅस्केटमधून तो परत येतो. काही देशांत ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ची व्याख्याच सैल आहे.

अलंगला गॅसकटर चालवणारे बहुतेक हात ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातले. आपल्या मुंबईतही दारूखान्याला जहाजे तुटतात. जुनी ‘विक्रांत’ तिथेच तोडली गेली. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग उमटायला वीस-चाळीस वर्षे लागतात. तोवर मजूर गावी परतलेला असतो आणि त्याच्या दुखण्याचा जहाजाशी संबंध लावायला कोणी उरत नाही.

म्हणून यादी कचेरीतल्या फायलीत ठेवून चालणार नाही. कोणत्या पाइपाला हात लावायचा नाही, हे कटर पेटवण्याआधी त्या मजुराला त्याच्या भाषेत, जागेवर नेऊन दाखवा.