जुन्या डिझेल मोटारीतील टर्बोचार्जर बदलण्याचा निर्णय : तांत्रिक व आर्थिक निकष
(चौसाळा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील चौसाळा हे बीड तालुक्यातील एक मोठे गाव होय. जिल्हा रुग्णालय, न्यायालय व शासकीय कार्यालये यांसाठी येथील नागरिकांना बीड गाठावे लागते आणि परतताना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. अशा कुटुंबांत दहा-पंधरा वर्षे जुनी डिझेल मोटार ही चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू असते. घाटात गाडीचा ‘पिकअप’ कमी झाला किंवा सायलेन्सरमधून धूर येऊ लागला, की ‘टर्बो गेला’ असे निदान सहजपणे केले जाते व मोठा खर्च समोर उभा राहतो. हा खर्च केव्हा समर्थनीय ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टर्बोचार्जरचे कार्य

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट नोंदविले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरील हवा दाबून इंजिनात पाठविते. अधिक हवा मिळाल्याने अधिक इंधन जळू शकते व लहान इंजिनातूनही मोठी शक्ती प्राप्त होते. भारतात २००२ मधील महिंद्र स्कॉर्पिओ व २००७ मधील मारुती स्विफ्ट डिझेल यांसारख्या मोटारींमुळे टर्बो सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. आज जुन्या झालेल्या मोटारींत याच पिढीचा भरणा आहे.

लहान मोटारीतील टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकतो. तो इंजिन ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत फिरतो. त्यामुळे टर्बोचे आयुष्य किलोमीटरपेक्षा ऑइलची स्वच्छता, ऑइलचा दाब व हवेची शुद्धता यांवर अवलंबून असते. वेळेवर ऑइल बदललेल्या मोटारीत टर्बो इंजिनाइतकाच टिकू शकतो. याउलट, निष्काळजीपणे वापरलेल्या मोटारीत तो निम्म्या आयुष्यातच निकामी होतो.

निदानाची पद्धत

टर्बो निकामी होण्याचे कारण बहुधा टर्बोच्या बाहेर असते. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करणे इष्ट ठरते.

१) काळा धूर व कमी झालेली शक्ती : याचा अर्थ हवा अपुरी पडते. फाटलेला हौज पाइप, सैल क्लिप, गळका इंटरकूलर, धुळीने कोंदलेला एअर फिल्टर किंवा फुटलेली व्हॅक्यूम नळी ही कारणे प्रथम पाहावीत. बालाघाटाच्या कोरड्या, धुळीच्या पट्ट्यात फिल्टरचा दोष विशेष संभवतो. ही दुरुस्ती अल्प खर्चात होते.

२) निळसर धूर व ऑइलची घट : इंजिनात ऑइल जळत असल्याचे हे लक्षण आहे. परंतु टर्बोतून ऑइल परत नेणारी नळी तुंबली असल्यास किंवा पिस्टन रिंग झिजल्याने चेंबरमध्ये दाब वाढला असल्यास सुस्थितीतील टर्बोही ऑइल सोडतो. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा असणे हा दोष नव्हे.

३) दांड्यातील ‘प्ले’ : इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून दांडा हलवून पाहावा. आडव्या दिशेने किंचित हालचाल स्वाभाविक असते. मात्र पुढे-मागे स्पष्ट हालचाल जाणवल्यास, पाती घरास घासल्याच्या खुणा दिसल्यास किंवा पाते तुटलेले असल्यास टर्बो बदलणे किंवा त्याची पुनर्बांधणी करणे अपरिहार्य होय.

या तिसऱ्या अवस्थेत वाहन चालवीत राहणे धोक्याचे असते. टर्बोतून गळणारे ऑइल हेच इंधन म्हणून जळू लागल्यास चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही व त्याचा वेग अनावर होतो. अशा वेळी हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडणे हा इंजिन बंद पाडण्याचा उपाय आहे. घाटरस्त्यावर असा प्रसंग जिवावर बेतू शकतो.

आर्थिक विचार

टर्बो बाद झाल्याचे निश्चित झाल्यावर दोन पर्याय उरतात : पूर्ण नवा टर्बो किंवा केवळ दांडा व बेअरिंगचा मधला संच बदलणे. केवळ स्पष्टीकरणासाठी असे मानू, की मजुरीसह नव्याचा खर्च ३६,००० रुपये, तर संचाचा २०,००० रुपये असून संच दोन वर्षे टिकतो. गाडी दोनच वर्षे वापरायची असल्यास नव्याचा मासिक भार १,५०० रुपये व संचाचा सुमारे ८३३ रुपये येतो. चार वर्षे वापरायची असल्यास नव्याचा भार ७५० रुपयांवर उतरतो, तर संच दोनदा बदलावा लागून त्याचा भार ८३३ रुपयेच राहतो. म्हणजेच निर्णायक बाब गाडीचे वय ही नसून तिचा अपेक्षित उर्वरित वापर ही आहे. गाडीवर पूर्वी झालेला खर्च हा बुडीत खर्च असल्याने तो या हिशेबात धरू नये.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढविता येते. ही मुदत जवळ आली असल्यास इंजिनाचे कॉम्प्रेशन, सांगाडा व ब्रेक यांची स्थिती आधी तपासावी. इंजिनकामच करावे लागणार असेल, तर त्यापूर्वी नवा टर्बो बसविणे व्यर्थ होय.

निष्कर्ष

टर्बो बदलण्याचा निर्णय वयावरून किंवा किलोमीटरवरून न घेता निदानावरून घ्यावा. मूळ कारण दूर न करता बसविलेला नवा टर्बोही अल्पावधीत निकामी होतो. म्हणून ऑइल, फिल्टर व ऑइलच्या नळ्या त्याच वेळी बदलणे किंवा स्वच्छ करणे आवश्यक आहे. गाडी सुरू होताच इंजिनावर ताण न देणे आणि घाट चढून मांजरसुंब्याला थांबल्यावर मिनिटभर इंजिन मंद गतीने चालू ठेवून मगच बंद करणे, या दोन सवयींना काहीही खर्च लागत नाही. मोठा खर्च लांबणीवर टाकण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे.