काडतुसांचे घरगुती पुनर्भरण : उपकरणे निवडण्याचे निकष

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रायफलची काडतुसे घरी भरणे हा शिकारी व लक्ष्यवेधी नेमबाजांचा जुना छंद आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास तेथील संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही; विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास मात्र तो अनिवार्य ठरतो. जॉन बार्लो यांच्या 'आयडियल' कंपनीने १८८४ पासून चिमट्याच्या आकाराची भरण-हत्यारे बनविली, तर १९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात 'आरसीबीएस' या उद्योगाची स्थापना केली. आज बाजारात साधनांची विपुलता आहे. साहजिकच कोणते साधन आधी घ्यावे, हा नवशिक्यापुढील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा तांत्रिक अंगाने विचार केला आहे.

पुनर्भरणाचे स्वरूप :
काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्राइमर, निर्धूम दारू व गोळी. पैकी पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. बार उडताना ती प्रसरण पावून रायफलच्या कोठीला चिकटते. म्हणून तिला पुन्हा मूळ आकारात आणावे लागते. जुने प्राइमर काढणे, नवे बसविणे, दारू मोजून भरणे आणि गोळी दाबून बसविणे हे पुढील टप्पे होत. '.३०८ विंचेस्टर' या १९५२ मध्ये आलेल्या काडतुसासाठी अमेरिकन मानकानुसार कमाल सरासरी दाब प्रति चौरस इंच ६२,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पट आहे. नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर हा दाब निर्माण होतो. त्यामुळे उपकरणांच्या निवडीत काटकसरीपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम देणे क्रमप्राप्त ठरते.

उपकरणांचा विचार :

१) प्रेस : प्रेसचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. एकटप्पी प्रेसमध्ये दांड्याच्या एका ओढीत एकाच पुंगळीवर एकच क्रिया होते. टरेट प्रेसमध्ये अनेक डाय एका फिरत्या माथ्यावर बसविलेले असतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये अनेक पुंगळ्यांवर एकाच वेळी निरनिराळ्या क्रिया होतात व प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. हा शेवटचा प्रकार वेगवान असला, तरी एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवण्याची अपेक्षा करतो. पुंगळीत दारू दोनदा पडली किंवा मुळीच पडली नाही, तर ते सहज ध्यानात येत नाही. दुबार भरणामुळे रायफल फुटू शकते. दारूविना केवळ प्राइमरच्या जोरावर सरकलेली गोळी नळीत अडकून पुढील बार घातक ठरू शकतो. वर्षाकाठी मोजकीच काडतुसे लागणाऱ्या शिकाऱ्यास भक्कम एकटप्पी प्रेस पुरेसा होतो. त्यातही 'सी' आकारापेक्षा बंदिस्त 'ओ' आकाराची चौकट अधिक ताठ राहते.

२) डाय : डायच्या आट्यांचे ७/८ इंच व इंचास १४ आटे हे माप सर्वमान्य झाल्याने एका उत्पादकाचा डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बहुधा बसतो. पूर्ण आकार देणारा डाय सर्वसाधारण उपयोगाचा आहे. केवळ मानेला आकार देणारा डाय त्याच रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळ्यांसाठीच वापरावा. पोलादी डाय वापरताना पुंगळीस वंगण लावणे आवश्यक आहे, अन्यथा ती आत घट्ट रुतते. तसेच मध्यभागी एकच छिद्र असलेली 'बॉक्सर' पद्धतीची पुंगळी निवडावी. 'बर्डन' पद्धतीच्या पुंगळीत सामान्यतः दोन छिद्रे असल्याने नेहमीच्या डायमधील सुईने तिचे प्राइमर निघत नाही.

३) तराजू : दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, तराजूस त्याचा दहावा भाग दाखविता आला पाहिजे. आकारमानाने दारू मोजणारे यंत्र सोयीचे असले, तरी काडीसारख्या लांबट कणांची दारू त्यात एकसारखी पडत नाही. म्हणून वजनाची पडताळणी अपरिहार्य आहे. तराजू दांडीचा असो वा इलेक्ट्रॉनिक, प्रमाणित वजनांचा संच सोबत असावा.

४) कॅलिपर व छाटणी-यंत्र : पुन्हापुन्हा वापरल्याने पुंगळी लांब होत जाते. '.३०८ विंचेस्टर'साठी तिची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. ती ओलांडल्यास पुंगळीचे तोंड कोठीच्या टोकाशी दाबले जाऊन गोळीला जखडते व दाब वाढतो. हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोजमाप हाच त्यावरील उपाय होय.

५) माहितीपुस्तिका व साठवण : दारूचे प्रमाण प्रकाशित व अद्ययावत पुस्तिकेतूनच घ्यावे आणि त्यातील किमान मात्रेपासून आरंभ करावा. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकानुसार निवासी घरात २० पौंडांपर्यंत निर्धूम दारू मूळ डब्यातच ठेवता येते, तर प्राइमरची मर्यादा १०,००० आहे.

भारतीय संदर्भ :
महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तथापि खासगी व्यक्तीस परवान्याविना काडतुसे बनविता येत नाहीत. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'दारूगोळा' या संज्ञेच्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही अंतर्भूत आहे. म्हणजेच अमेरिकेत छंदाचे साधन मानले जाणारे यंत्र आपल्याकडे कायद्याच्या कक्षेत येते, याची जाणीव अभ्यासकाने ठेवली पाहिजे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून खरेदीचा क्रम पुढीलप्रमाणे सुचतो : प्रथम पुस्तिका, नंतर तराजू व कॅलिपर, त्यानंतर योग्य डाय आणि एकटप्पी प्रेस. प्रोग्रेसिव्ह प्रेसचा विचार पुरेशा सरावानंतरच करावा. प्रेसमधील उणीव बहुधा वेग कमी करते. तराजूतील उणीव मात्र बार उडेपर्यंत लपून राहते. आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी साधने निवडतानाही निर्मितीच्या यंत्राआधी मोजमापाचे साधन पारखून घेण्याचा हा क्रम उपयुक्त ठरावा.