दुर्बीण विकणे आहे

हौशी आकाशनिरीक्षकांच्या जुन्या बाजाराचं पंचांग वेगळं असतं. 1986 मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, 24 ऑक्टोबर 1995 ला खग्रास सूर्यग्रहण झालं, 1997 मध्ये हेल-बॉप कित्येक आठवडे नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला, ऑगस्ट 2003 मध्ये मंगळ जवळ आला, 21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनी एकमेकांना खेटले. असं काही झालं की दुर्बिणींची खरेदी होते आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यातल्याच बऱ्याच ‘फारशी न वापरलेली, जागेअभावी विकणे आहे’ म्हणून बाहेर पडतात. गाड्यांच्या जाहिरातीत ‘फारशी न वापरलेली’ वाचलं की आपण हसतो. दुर्बिणीच्या बाबतीत ते बहुधा खरं असतं. पहिल्या रात्री चंद्र, दुसऱ्या रात्री शनीची कडी, तिसऱ्या रात्री देवयानी दीर्घिका म्हणून एक राखाडी डाग. खोक्यावरचं रंगीत चित्र बघून पैसे मोजलेले असतात, त्यामुळे चौथी रात्र येतच नाही. दुर्बीण पलंगाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत आई विचारते, “हे धूड अजून किती वर्षं ठेवायचंय?”

घेणाऱ्याचं फावतं ते इथे. स्कूटर जितकी पळते तितकं तिचं इंजिन झिजतं. दुर्बिणीतल्या आरशाने हजारो तारे बघितले तरी त्याचं काही झिजत नाही. नीट घासलेली काच तीस वर्षांपूर्वी जेवढी चांगली होती तेवढीच आज असते. खराब होतं ते काचेभोवतीचं सगळं: मुलामा, स्क्रू, गिअर, मोटर, लाकूड. आणि यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. म्हणून जुनी दुर्बीण घेताना पैसे काचेचे द्यायचे, बाकीचं पदरी पडलं असं समजायचं.

या धंद्यातला आजवरचा सर्वांत फायदेशीर सौदा इंग्लंडमधल्या बाथ गावात झाला. विल्यम हर्शल तेव्हा तिथे ऑर्गन वाजवणारा, शिकवण्या करणारा संगीतकार होता. 1773 मध्ये त्याने एका क्वेकर गृहस्थाकडून आरसे घासायची जुनी हत्यारं, साचे आणि काही अर्धवट आरसे असा सगळा पसारा उचलला. त्या गृहस्थाचा छंद संपला होता, हर्शलचा सुरू होत होता. पुढे आठ वर्षांनी, 13 मार्च 1781 ला, स्वतः घासलेल्या जेमतेम सव्वासहा इंची आरशातून त्याला युरेनस सापडला. तो क्वेकर गृहस्थ नंतर हळहळला की नाही, इतिहासाला ठाऊक नाही.

आपल्याकडेही हात बदलत गेलेली एक मोठी दुर्बीण आहे, आणि ती मूळची पुण्याची. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी नाएगमवाला यांनी वेधशाळा उभी केली. तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. नाएगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये वेधशाळा बंद पडली, सामान कोडाईकनालला गेलं, आणि 1980 च्या दशकात हीच ‘भावनगर दुर्बीण’ आकाश तपासायला थेट लेहला चढली. सरकारी खात्यांनी जुन्या दुर्बिणीला असं कामाला लावलं, तर आपल्याला सहा इंचीची लाज वाटायचं कारण नाही.

आता काच बघायची कशी? बहुतेक लोक नळीत मोबाइलचा टॉर्च मारतात आणि दचकतात. टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात नवाकोरा आरसासुद्धा उकिरड्यासारखा दिसतो. धुळीचा थर, वाळलेले दवाचे थेंब, एखादा कोळी, याने प्रतिमेला जवळजवळ काही होत नाही. आरसा बाहेर काढून नळाखाली धरायचा, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा करून वाळवायचा. पुसायचा मात्र नाही. ज्याने चष्म्याच्या फडक्याने आरसा घासून लख्ख केलाय, त्याच्याकडून मी दुर्बीण घेताना दहा वेळा विचार करीन, कारण वरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. तो कोकणातल्या, मुंबईतल्या खाऱ्या हवेत लवकर काळवंडतो, कडेने टिकल्या पडतात. तरी घाबरू नये. निर्वात पेटीत पुन्हा मुलामा चढवून मिळतो. तेवढी रक्कम किमतीतून वजा करायची आणि घासाघीस तिथूनच सुरू करायची.

भिंगाच्या दुर्बिणीला मात्र बुरशी असते. पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या फुटतात. वरवरची असेल तर निघते. पण बुरशी काचेवरचा लेप खात गेली असेल, तर जाळं पुसलं तरी त्याचा ठसा राहतो. भिंग उजेडाकडे धरून आरपार बघितलं की कळतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या दिसल्या तर मालक जपणारा होता असं समजायला हरकत नाही.

खरी परीक्षा ताऱ्यावर. परदेशी पुस्तकं सांगतात, ध्रुव तारा बघा, तो हलत नाही. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर, म्हणजे शहराच्या धुरात आणि शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीमागे. त्यापेक्षा थंडीत रोहिणी घ्यावी, ती जवळजवळ डोक्यावरून जाते. तारा मध्यभागी आणून फोकस थोडा आत, मग थोडा बाहेर करायचा. ठिपका फुगतो आणि त्यात एकात एक वलयं दिसतात. दोन्ही बाजूंना वलयं सारखी, गोल आणि मधला काळा ठिपका बरोबर मध्यावर असेल, तर आरसा उत्तम. एका बाजूला वलयं रेखीव आणि दुसऱ्या बाजूला नुसता कापूस असेल, तर आरशाचा आकारच चुकलाय. तो सुधारायचा म्हणजे पुन्हा घासायला बसायचं.

डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे अशीच सहा इंची दुर्बीण होती. हॅलेच्या वेळी कार्बोरंडम पावडर टाकून त्यांनी स्वतः काच घासली होती, डांबराच्या थाळीवर पॉलिश केली होती. नळी पीव्हीसीची, बैठक नळाच्या फिटिंगची. “आता पूर्वीसारखं दिसत नाही हो. आरसा गेला बहुतेक,” ते म्हणाले आणि त्या मानाने किंमतही त्यांनी कमीच सांगितली. गच्चीवर रोहिणीकडे रोखली, फोकसबाहेर नेली, तर वलयं तिकोनी. तीन कोपरे, अगदी समोशासारखे. आरसा ज्या तीन पट्ट्यांनी धरलेला असतो त्या कुणीतरी आवळून टाकल्या होत्या. त्या पावपाव फेरा सैल केल्या, आरसा थोडा निवू दिला आणि पुन्हा बघितलं. तारा गोल.

“काका, आता नाही विकायची म्हणालात तरी चालेल.”

“अरे, आरसा सुधारला, माझे गुडघे कुठे सुधारलेत? ही गच्ची चढायची म्हणजे... घेऊन जा. पण सैल करायचं ते मला आधी दाखव परत.”

किंमत त्यांनी वाढवली नाही. मी थोडी वाढवून दिली, तर रागावले.

घरी घासलेल्या अशा आरशांबद्दल नवख्यांना शंका वाटते, ती उगाच. चांगला आरसा म्हणजे घासलेल्या पृष्ठभागात सत्तर-एक नॅनोमीटरहून जास्त चूक नको. फुकोची सुरीच्या पात्याची चाचणी लावून हाताने हे साधतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, आयुकातही दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होतात; तिथे घडलेला आरसा विकायला निघाला, तर कंपनीचा शिक्का नसला तरी आनंदाने घ्यावा.

घेऊ नये ती दुर्बीण मात्र बाजारात सर्वांत जास्त असते. आरसा 114 किंवा 127 मिलिमीटरचा, नळीवर नाभीय अंतर 1000 मिलिमीटर छापलेलं, आणि नळी बघावी तर हातभर. एक मीटर अंतर अर्ध्या मीटरच्या नळीत मावलं कसं? फोकसरच्या पोटात एक छोटं भिंग असतं, त्याने अंतर वाढवलेलं असतं. आरसा स्वस्तातला गोलाकार, त्याचा दोष त्या भिंगाने काढायचा, आणि भिंगही तितकंच स्वस्त. तारा कधी ठिपका होत नाही, आणि आरशांची रांग जुळवायला गेलं तर ते भिंग मध्ये येतं. यातूनच कित्येक मुलांचा छंद सुटला. उलट तोच 114 मिलिमीटरचा आरसा 900 मिलिमीटरच्या लांबलचक नळीत असेल, तर गोलाकार असूनही छान चालतो. लांब नळी लोकांना अडचण वाटते, म्हणून ती स्वस्तात जाते. जावं तिकडे टेप घेऊन.

खोक्यावरच्या ‘525 पट’ला भुलू नये, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असावं. दर मिलिमीटर व्यासाला दोन पट ही मर्यादा. 114 मिलिमीटरला सव्वादोनशे, तेही हवा शांत असेल तर.

माउंटचं, म्हणजे नळी ज्यावर बसते त्या बैठकीचं, एक दुखणं खास आपलं आहे. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष स्थानिक अक्षांशाएवढा कलता ठेवावा लागतो. पुण्याला साडेअठरा अंश, पणजीला साडेपंधरा. युरोप-अमेरिकेसाठी बनलेल्या स्वस्त माउंटचा स्क्रू तिथवर पोचत नाही, किंवा पोचला तर समतोलाचं वजन तिवईच्या पायावर आपटतं. उत्तरेकडचा पाय आखूड करून वेळ मारून नेता येते, पण सगळं तोलून बसलेलं धूड गच्चीवर कलतं ठेवायला छाती लागते. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ‘माउंट नीट चालत नाही’ म्हणून दुर्बीण काढलेली असते. नळी घ्यावी, माउंट फुकट मिळाला तर घ्यावा.

त्या नळीला लाकडी बैठक करून घेणं सोपं, आणि ते सोपं केलं जॉन डॉब्सनने. हा माणूस 1944 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेत, संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून तो आरसे करायचा. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, झालं. दुर्बिणींपायी आश्रमात पाय ठरेना, तेव्हा 1967 मध्ये त्याला आश्रम सोडावा लागला. त्याने या रचनेचं पेटंट घेतलं नाही. प्लाय, टेफ्लॉनचे तुकडे आणि सनमायका एवढ्यावर आपला पेठेतला सुतार दिवसाभरात बैठक उभी करतो, फक्त त्याला ‘हे टेबल नाही’ एवढं समजावावं लागतं.

अमेरिकेहून परतलेल्या कुटुंबांकडे अधूनमधून एक नारिंगी नळी निघते: सेलेस्ट्रॉनची सी-8, 1970 पासूनची. आठ इंच व्यास, दोन मीटर नाभीय अंतर, आणि लांबी जेमतेम दीड फूट. पुढची काच बुरशीमुक्त असेल तर डोळे मिटून घ्यावी. फक्त तिची जुनी मोटर 110 व्होल्ट, 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं तरी आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती ताऱ्याच्या मागे पाच-षष्ठांश वेगानेच धावते आणि तारा निसटत राहतो. त्याला वेगळा इन्व्हर्टर करून घ्यावा लागतो. संगणकावर चालणाऱ्या नंतरच्या माउंटांचं दुखणं याहून मोठं. मीड आणि ओरायन या दोन अमेरिकन कंपन्या 2024 मध्ये बंद झाल्या. त्यांच्या माउंटचं सर्किट गेलं तर सुटा भाग कुठून आणणार? काच मात्र तशीच्या तशी.

चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी दुर्बिणी दिसतात, ‘डॉलंड, लंडन’ कोरलेल्या. दिवाणखान्यात शोभतात. बहुतेक सगळ्या शोभेसाठीच केलेल्या असतात.

एक वस्तू मात्र घरी आणल्याबरोबर हातोडीने फोडून टाकावी. साठ मिलिमीटरच्या जुन्या जपानी दुर्बिणींच्या पेटीत, नेत्रिकेला (आयपीसला) लावायची एक गडद हिरवी किंवा काळी काच असते, कडेला ‘सन’ असं लिहिलेलं. भिंगाने गोळा केलेली सूर्याची सगळी उष्णता त्या बोटभर काचेवर पडते. ती तडकते, आणि तडकते तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा असतो, डोळ्याच्या बाजूला नाही.

त्याच पेट्यांतल्या नेत्रिका पट्टीने मोजाव्यात. जुन्या जपानी मापाच्या नळ्या 24.5 मिलिमीटरच्या, आजच्या 31.7 मिलिमीटरच्या, म्हणजे सव्वा इंची. एकीची नेत्रिका दुसरीत बसत नाही. जुन्या जपानी ऑर्थोस्कोपिक नेत्रिका सापडल्या तर त्या अडॅप्टर लावूनही वापराव्यात, गुरूचे पट्टे त्यांच्यात फार सुरेख उठतात. पण सोबत येणाऱ्या बाकीच्या बहुतेक खेळण्यातल्याच. दुर्बिणीच्या किमतीत वाचलेले पैसे एका बऱ्या नेत्रिकेत घालावेत. ती हलकी, न तुटणारी, दुर्बीण विकली तरी आपल्याकडे राहणारी. न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येतच असतो, त्याच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून सहज येते. सव्वा इंचीच आहे ना, एवढं मात्र त्याला निघण्याआधी दोनदा विचारा.