‘मुटरपास’मधला पहिला प्रश्न

गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की म्युनिक किंवा फ्रँकफर्टमध्ये राहणारी मराठी मुलगी पहिला फोन पुण्याला नाहीतर नाशिकला आईला लावते. दुसरा फोन कुणाला लावायचा हे मात्र तिला ठाऊक नसते. आपल्याकडे एका हॉस्पिटलात नाव घालायचे, नऊ महिने तिथेच दाखवायचे आणि शक्यतो त्याच डॉक्टरांच्या हातून बाळंत व्हायचे, ही रीत. जर्मनीत तपासणीचे डॉक्टर वेगळे आणि बाळंतपणाची जागा वेगळी. तपासण्या होतात त्या वस्तीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात. हॉस्पिटलात नाव नोंदवायला जायचे ते सातवा-आठवा महिना लागल्यावर. प्रसूतीच्या दिवशी समोर कोण डॉक्टर असेल हे त्या दिवसाच्या ड्युटीवर ठरते. सुईण मात्र असतेच. तिच्याशिवाय बाळंतपण होऊ द्यायचे नाही, असा तिथला कायदाच आहे.

या दोन टोकांना जोडणारी वस्तू म्हणजे ‘मुटरपास’, अर्थात आईचे पारपत्र. गर्भधारणा नक्की झाली की डॉक्टर ही छोटी पुस्तिका हातात देतात. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी, तीन ठरलेल्या सोनोग्राफी, सगळे तिच्यात लिहिले जाते. बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी आणि पुढे दर दोन आठवड्यांनी तपासणी असते. पुस्तिका कायम पर्समध्ये ठेवायची, कारण रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर हॉस्पिटलातील अनोळखी माणसे तीच उघडून वाचणार असतात.

तिच्या सुरुवातीच्या पानांवर धोक्यांची एक यादी असते. त्यातला पहिलाच प्रश्न कुटुंबातल्या आजारांचा आहे: मधुमेह, रक्तदाब, जन्मजात व्यंगे, आनुवंशिक आजार. डॉक्टर तो भरभर विचारतात, आणि आपल्या मुली तितक्याच भरभर ‘नाही’ म्हणतात. खोटे बोलण्याचा हेतू नसतो. वडिलांना ‘थोडी शुगर’ आहे, पण एका गोळीवर ताब्यात आहे. मग त्याला आजार कशाला म्हणायचे? मावशीला गरोदरपणात साखर होती, पण नंतर गेली. आपल्या घराघरांत ही भाषा चालते. जर्मन कागदावर तिचे भाषांतर ‘कुटुंबात मधुमेह नाही’ असे होते आणि पुढचे सगळे नियोजन त्या एका खुणेवर चालते.

याने काय बिघडते? भारतात सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रीची साखर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पाहायची असते, कारण आपल्या लोकांत मधुमेह लवकर आणि कमी वजनावरही येतो. जर्मनीत सरसकट तपासणी एकदाच, २४ ते २८ आठवड्यांत. जोखीम दिसली तर पहिल्या तिमाहीतच साखर पाहावी, असे तिथले तज्ज्ञही सांगतात आणि आशियाई मूळ हे जोखमीतच धरतात. पण जोखीम कागदावर यायला ती कुणीतरी सांगावी लागते. वजनाचेही तसेच. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २४ असलेली मुलगी युरोपीय तक्त्यात २५ च्या आत, म्हणून निर्धास्त. आशियाई लोकांसाठी सावधगिरीची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने २३ वर ओढली आहे. आईची वाढलेली साखर बाळापर्यंत पोचते, बाळ अवाजवी वाढते, प्रसूती अडते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. तीन-चार महिने आधी कळले तर बहुतेक वेळा खाणे आणि चालणे सांभाळून भागते.

दुसरा मुद्दा हिमोग्लोबिनचा. ते कमी आले की लोहाच्या गोळ्या, हे जगभर ठरलेले आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही असते. पण रक्तपेशी लहान आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, असे असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासावी लागते. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत हे प्रमाण जास्त. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा प्रश्न. वाहक व्यक्तीला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. इंग्लंडमध्ये ही तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीला सर्वांनाच देऊ करतात. जर्मनीत ती नेहमीच्या यादीत नाही. तेव्हा नवरा-बायकोने भारतातून निघण्यापूर्वीच हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी एकदा करून घ्यावी आणि अहवाल बरोबर न्यावा. त्याच फाइलमध्ये लसींची नोंदही हवी. नव्वदच्या दशकात जन्मलेल्या कित्येक मुलींना रुबेलाची लस मिळाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. सरकारी मोहिमेतून ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने गरोदरपणात देता येत नाही. ती आधीच घ्यायची.

शाकाहाराबद्दल मात्र आपणच आपला गैरसमज करून घेतो. जर्मन डॉक्टर ‘शाकाहारी’ ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अंडी आणि चीज खाणारी व्यक्ती असते. आपल्याकडची शाकाहारी मुलगी वरण-भात-भाजी आणि चहातले दूध यावर राहिलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यात जवळपास दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तर ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. फोलिक ॲसिडची गोळी दोन्ही देशांत देतात आणि ती घ्यायलाच हवी. ब-१२ ची तपासणी जर्मनीतल्या ठरलेल्या यादीत नसते, ती मागून घ्यावी लागते. उलट आयोडीनची गोळी तिथे आवर्जून सांगतात. आपल्याकडे मीठच आयोडीनयुक्त असल्याने ती नवी वाटते, पण ती टाळू नये.

भाषेची अडचण नवरा सोबत गेला की सुटते, असे वाटते. तपासणीपुरते ते खरे आहे. पण त्याच यादीत आधीचे गर्भपात, आधीची गर्भारपणे, मानसिक त्रास यांचेही प्रश्न असतात, आणि काही बायकांना ते नवऱ्यासमोर बोलायचे नसते. ‘मला एकटीने बोलायचे आहे’ एवढे एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करावे. डॉक्टर गुप्ततेला बांधील असतात. मुटरपास तुमच्या मालकीचा असतो, तो ऑफिसला दाखवण्याची गरज नाही. तपासणीच्या वेळी तिथे अंगावर चादर टाकत नाहीत, याचाही पहिल्यांदा धक्का बसतो. बरोबर लांब कुर्ता घालून जावे. बाई डॉक्टरच हवी असेल तर नोंदणी करतानाच सांगावे.

आणखी एक धक्का सोनोग्राफीच्या खोलीत. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक वाचत आपण मोठे झालो. महाराष्ट्राने तर देशाच्या १९९४ च्या कायद्याआधी, १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. जर्मनीत चौदा आठवडे उलटले की डॉक्टर मुलगा की मुलगी हे सहज सांगून टाकतात. ऐकायचे नसेल तर आधी सांगावे. भारतातल्या घरी ती बातमी कळवायची की नाही, हा विचारही सोनोग्राफीला जाण्यापूर्वी झालेला बरा.

विम्याचे थोडक्यात: तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता सामावतो आणि ठरलेल्या तपासण्यांना पैसे पडत नाहीत. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा. प्रवासी विम्यावर आलेल्या पत्नीला गरोदरपणाचा खर्च मिळेलच असे नाही. पॉलिसीतले ते कलम विमान पकडण्याआधी वाचावे.

आता आईचे तिकीट. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पहिलटकरणीची तारीख पुढे सरकू शकते, म्हणून आईने महिनाभर आधी येणे म्हणजे ते दिवस वाया घालवणे. दोनेक आठवडे आधी आली तर बाळ अडीच महिन्यांचे होईपर्यंत ती थांबू शकेल. त्याच काळात सुईणही घरी येत असते, पहिले दहा दिवस गरज पडल्यास रोज आणि नंतर बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, तेही विम्यातून. मोठ्या शहरांत सुयांची टंचाई आहे, म्हणून तिसऱ्या महिन्यातच तिचा शोध सुरू करावा लागतो. आई आणि ती एका खोलीत आल्या की अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू यांना सुईण सहसा हरकत घेत नाही. घुटीतला मध आणि डोळ्यांतले काजळ यावर मात्र ती ठाम ‘नाही’ म्हणेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, काजळात शिसे असू शकते. भाषांतर करताना मुलीने तिथे आईची बाजू घेऊ नये.