गेलिक फुटबॉलमधील चढाई व खिलाडूवृत्ती
गेलिक फुटबॉल हा आयर्लंडमधील अत्यंत लोकप्रिय असा मैदानी खेळ. प्रत्येकी १५ खेळाडूंच्या दोन संघांत तो खेळला जातो. चेंडू पायाने मारणे, हातात घेऊन धावणे आणि हाताने वा मुठीने टोलवून सहकाऱ्याकडे देणे या तिन्ही क्रियांना त्यात मुभा असल्याने हा खेळ असोसिएशन फुटबॉल (सॉकर) व रग्बी या दोहोंहून वेगळा ठरतो. सॉकरसारखा ऑफसाइडचा नियम यात नसल्याने चढाईस पुष्कळ वाव मिळतो. मात्र चेंडू घेऊन धावणाऱ्यास धरून वा पाडून अडविण्यास मनाई आहे. त्यामुळे चढाईचे यश चढाई करणाऱ्याच्या कौशल्याइतकेच प्रतिपक्षाच्या नियमपालनावर अवलंबून राहते. या खेळात खिलाडूवृत्ती ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून चढाईच्या खेळाची ती एक पूर्वअट आहे. या खेळाच्या नियमांत वेळोवेळी झालेल्या फेरफारांतून हीच गोष्ट प्रकर्षाने दिसून येते.

इतिहास : आयर्लंडमध्ये चेंडूचे विविध ग्रामीण खेळ पूर्वापार चालत आले होते. त्यांत नियम थोडे व झटापट फार असे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी गेलिक ॲथ्‌लेटिक असोसिएशन (जीएए) ही संस्था स्थापन झाली. मायकेल क्यूसॅक व मॉरिस डॅव्हिन हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. आर्चबिशप टॉमस क्रोक हे तिचे आश्रयदाते होते. डब्लिन येथील क्रोक पार्क या तिच्या मुख्य क्रीडांगणास त्यांचेच नाव देण्यात आले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नियमांत पाठीमागून ढकलणे, पाय अडकवून पाडणे, पाठीमागून धरून ठेवणे व डोक्याने धडक देणे हे प्रकार नियमबाह्य ठरविण्यात आले. तसे करणाऱ्यास खेळातून बाजूला करण्याची तरतूदही त्यात होती. म्हणजे खेळास नियमबद्ध रूप देताना हाती घेतलेले पहिले काम चढाई करणाऱ्यास संरक्षण देण्याचे होते.

आरंभी प्रत्येक संघात २१ खेळाडू असत. १८९२ मध्ये ही संख्या १७ व १९१३ मध्ये १५ करण्यात आली. खेळाडू कमी झाल्याने मैदानात मोकळी जागा वाढली व धावत्या, वेगवान खेळास उत्तेजन मिळाले. अखिल आयर्लंड अजिंक्यपद स्पर्धा १८८७ पासून सुरू झाली. तीमधील विजेत्या संघास १९२८ पासून सॅम मॅग्वायर चषक देण्यात येतो. केरी व डब्लिन या काउंटींनी ही स्पर्धा सर्वाधिक वेळा जिंकली आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिन व टिपरेरी यांचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कमध्ये गोळीबार केला. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन याच्यासह १४ जणांचा बळी गेला. होगनचे नाव तेथील एका प्रेक्षागारास देण्यात आले असून अंतिम सामन्यातील विजेत्यांना चषक तेथेच दिला जातो.

क्रीडांगण व गुणपद्धती : मैदानाची लांबी १३० ते १४५ मी. व रुंदी ८० ते ९० मी. असते. दोन्ही टोकांस इंग्रजी ‘एच’ या अक्षराच्या आकाराचे गोलखांब असतात. खांबांमधील अंतर ६·५ मी. असून आडवा दांडा जमिनीपासून २·५ मी. उंचीवर असतो. दांड्याखालून चेंडू जाळ्यात गेल्यास गोल होतो व त्याचे ३ गुण धरतात. दांड्यावरून पण खांबांच्या मधून चेंडू गेल्यास १ गुण मिळतो. गोल झाल्यास गोलपंच हिरवे व गुण मिळाल्यास पांढरे निशाण दाखवितात. धावसंख्या गोल व गुण अशा जोडीने लिहितात. उदा., १-१५ म्हणजे १ गोल व १५ गुण, एकूण १८ गुण.

ही गुणपद्धती एकाएकी ठरलेली नाही. प्रारंभीच्या काळात एक गोल हा कितीही गुणांहून श्रेष्ठ मानला जाई. १८९२ मध्ये गोलाचे मोल ५ गुण व १८९६ मध्ये ३ गुण करण्यात आले. त्यामुळे जवळून गोलाचा प्रयत्न करावा की दुरून एका गुणावर समाधान मानावे, हा निर्णय चढाईत प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. १९८२ च्या अंतिम सामन्यात सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेला केरीचा संघ २ गुणांनी पुढे होता. सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असताना ऑफलीच्या शेमस डार्बी याने गोल केला व ऑफलीने १-१५ विरुद्ध ०-१७ असा एका गुणाने विजय मिळविला.

चढाईचे तंत्र : गोलरक्षक, सहा बचावपटू, दोन मध्यपटू व सहा आघाडीचे खेळाडू अशी संघाची परंपरागत रचना असते. चेंडू हातात घेऊन सलग चारपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत. त्यानंतर तो एकदा जमिनीवर आपटून पुन्हा हाती घ्यावा लागतो किंवा चवड्यावर टाकून हातात उडवून घ्यावा लागतो. या दुसऱ्या क्रियेस ‘सोलो’ म्हणतात. चेंडू लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. सोलो मात्र कितीही वेळा करता येतो. म्हणून वेगात धावत असताना चेंडूवर ताबा ठेवण्याचे हे कौशल्य चढाईचा कणा मानले जाते. पुरुषांच्या खेळात जमिनीवरील चेंडू थेट हाताने उचलण्यास मनाई असून तो पायाने वर उचलून घ्यावा लागतो.

चढाईच्या दोन प्रमुख शैली आढळतात. पहिलीत मैदानाच्या मध्यातून लांब किक मारून चेंडू गोलाजवळील खेळाडूंकडे पाठवितात व उंच उडी मारून तो झेलण्यावर भर देतात. दुसरीत हाताने टोलविलेल्या लहानलहान पासांची मालिका गुंफून बचाव भेदतात. पहिली प्रेक्षणीय, पण चेंडू गमावण्याचा धोका असलेली. दुसरी सुरक्षित, पण अतिरेक झाल्यास कंटाळवाणी. या दोहोंचा समतोल कसा राखावा, हा या खेळातील जुना वाद आहे.

बचाव व नियमभंग : चेंडू असलेल्या खेळाडूस खांद्याला खांदा देऊन हटविणे व त्याच्या हातातील चेंडू उघड्या पंजाने टोलविणे एवढेच बचावपटूस करता येते. त्याला धरणे, ओढणे वा पाडणे हा नियमभंग असून त्याबद्दल प्रतिपक्षास फ्री किक मिळते. या व्यवस्थेत एक उणीव होती. गोल होण्याची दाट शक्यता असताना चढाई करणाऱ्यास हेतुपुरस्सर पाडले, तर ३ गुणांची संधी जाऊन तिच्या जागी बहुधा एका गुणाची फ्री किक येई. शिवाय तेवढ्या अवधीत बचावाची फळी पुन्हा उभी राही. अशा प्रकारे नियम मोडणाऱ्याचाच लाभ होई. त्यातून ठरवून केलेल्या नियमभंगाची प्रवृत्ती बळावली. खेळ हातघाईवर आल्याचीही उदाहरणे आहेत. १९८३ च्या डब्लिन–गॉलवे अंतिम सामन्यात डब्लिनच्या ३ व गॉलवेच्या एका खेळाडूस मैदानाबाहेर काढण्यात आले. उरलेल्या १२ खेळाडूंनिशी डब्लिनने १-१० विरुद्ध १-८ असा विजय मिळविला. २०१३ मधील उपांत्यपूर्व सामन्यात गोलाकडे एकटा निघालेल्या मोनाहनच्या खेळाडूस टिरोनच्या एका खेळाडूने कवटाळून खाली पाडले. टिरोनने तो सामना दोन गुणांनी जिंकला. मात्र या कृतीच्या नीती-अनीतीविषयी देशभर वादंग माजले.

खिलाडूवृत्तीची कसोटी : नियमभंग व खिलाडूवृत्ती यांतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. १९७८ च्या केरी–डब्लिन अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वी पंचाने डब्लिनच्या विरुद्ध फ्री किक दिली. डब्लिनचा गोलरक्षक पॅडी कलन गोलापुढे येऊन पंचाकडे तक्रार करीत होता. डब्लिनच्याच एका बचावपटूने सौजन्याने चेंडू केरीच्या माइक शीहीच्या हाती दिला. शीहीने तत्काळ तो ठेवून कलनच्या डोक्यावरून अलगद गोलात टाकला. उत्तरार्धात ओएन लिस्टन याने ३ गोल केले व केरीने ५-११ विरुद्ध ०-९ असा विजय मिळविला. शीहीची कृती सर्वस्वी नियमास धरून होती व ती चढाईतील प्रसंगावधानाचा नमुना म्हणून गणली जाते. तथापि त्या गोलास प्रतिपक्षाच्या सौजन्याचाच हातभार लागला होता, हेही तितकेच खरे.

याउलट २०१० च्या लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात नियमाने मिळालेला विजयही समाधान देऊ शकला नाही. वाढीव वेळेत लाउथचा संघ एका गुणाने पुढे असताना मीथच्या एका खेळाडूने चेंडू नियमबाह्य रीतीने गोलरेषेपलीकडे नेला. परंतु पंचाने गोल मान्य केला व मीथने १-१२ विरुद्ध १-१० असा विजय मिळविला. संतप्त प्रेक्षकांपैकी काहींनी मैदानात शिरून पंचास धक्काबुक्की केली. नियमानुसार पंचाचा निर्णय अंतिम असल्याने संस्थेस सामना पुन्हा खेळविण्याचा आदेश देता आला नाही. मीथने स्वतःहून तो देऊ करावा काय, या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. परंतु सामना पुन्हा झाला नाही. १९५७ नंतर पहिले प्रांतिक विजेतेपद मिळविण्याची संधी लाउथने अशा रीतीने गमावली. ते विजेतेपद लाउथला २०२५ मध्ये, मीथवरच ३-१४ विरुद्ध १-१८ अशी मात करून मिळाले.

नियमांतील सुधारणा : केवळ सदिच्छेवर विसंबून भागत नाही, हे ध्यानी आल्यावर संस्थेने शिक्षेचे स्वरूप बदलले. १ जानेवारी २०१४ पासून काळे कार्ड अमलात आले. प्रतिस्पर्ध्यास मुद्दाम ओढून पाडणे, पाय अडकविणे, त्यास शिवीगाळ करणे, पंचाशी आक्रमकपणे हुज्जत घालणे इ. कृत्यांबद्दल खेळाडूस उर्वरित सामन्यापुरते बाहेर काढून त्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याची त्यात तरतूद होती. २०२० पासून त्याऐवजी दोषी खेळाडूस १० मिनिटे बाहेर बसविण्यात येऊ लागले व तेवढा वेळ त्याच्या संघास एका खेळाडूविना खेळणे भाग पडले. २०२१ मध्ये गोलाची उघड संधी अशा रीतीने हिरावल्यास पेनल्टी देण्याचा नियम झाला. नियमभंगातून होणारा लाभ अशा प्रकारे क्रमाक्रमाने कमी करण्यात आला.

तथापि नियम न मोडताही चढाई निष्प्रभ करता येते, हे यानंतर अधिक तीव्रतेने जाणवू लागले. जवळजवळ सर्व खेळाडू आपल्या गोलापुढे गोळा करण्याच्या डावपेचाने २०११ च्या उपांत्य सामन्यात डब्लिन ०-८ व डनिगॉल ०-६ इतकीच धावसंख्या झाली होती. पुढे हा डावपेच सर्वत्र पसरला. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेल्या अनेक सुधारणा नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य होऊन २०२५ च्या हंगामात अमलात आल्या. त्यांनुसार प्रत्येक संघाचे किमान ३ खेळाडू सतत प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असावे लागतात. गोलापासून ४० मी. अंतरावरील कमानीबाहेरून दांड्यावरून मारलेल्या चेंडूस २ गुण मिळतात व त्यासाठी गोलपंच नारिंगी निशाण दाखवितात. ज्याच्याविरुद्ध नियमभंग झाला, त्या खेळाडूस न थांबता सोलो करीत पुढे जाता येते. फ्री किक मिळालेल्या संघाच्या हाती चेंडू तत्काळ न दिल्यास वा पंचाशी वाद घातल्यास फ्री किकची जागा ५० मी. पुढे नेली जाते. १९७८ मध्ये एका बचावपटूने जे सौजन्य म्हणून केले, ते आता नियमाने सक्तीचे झाले आहे. २०२४ च्या अंतिम सामन्यात आर्मा १-११ व गॉलवे ०-१३ अशी, तर २०२५ च्या अंतिम सामन्यात केरी १-२६ व डनिगॉल ०-१९ अशी धावसंख्या झाली. दोन गुणांच्या तरतुदीमुळे या आकड्यांची सरळ तुलना करता येत नसली, तरी चढाईस पुन्हा महत्त्व आल्याचे त्यांवरून दिसते.

संकेत व परंपरा : या खेळातील सर्व खेळाडू हौशी असून काउंटीच्या संघातून खेळण्याबद्दल त्यांना वेतन मिळत नाही. सामान्यतः खेळाडू आपल्या जन्मगावाच्या वा वास्तव्याच्या क्लबातर्फे व काउंटीतर्फे खेळतो. त्यामुळे सामन्यातील प्रतिस्पर्धी एरव्ही शेजारी, सहाध्यायी वा सहकारीही असतात आणि मैदानावरील वर्तनाचा हिशेब पुढे गावातही द्यावा लागतो. अंतिम सामन्यानंतर विजेत्या संघाचा कर्णधार भाषणाच्या अखेरीस पराभूत संघाचा तीन वेळा जयजयकार करवितो, अशी प्रथा आहे. स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७४ मध्ये थर्ल्स येथेच स्थापन झाली. स्त्रियांच्या खेळात जमिनीवरील चेंडू थेट हाताने उचलता येतो व अंगाला अंग भिडविण्यावर अधिक निर्बंध आहेत.

नियमाने नियमभंगाचा लाभ नाहीसा करता येतो. परंतु नियमास न दिसलेल्या क्षणी खेळाडूने काय करावे, हे नियमाला ठरविता येत नाही. म्हणून चढाईस पोषक असे नियम व ते पाळण्याची वृत्ती या दोहोंचीही गेलिक फुटबॉलला सारखीच गरज असल्याचे दिसून येते.